बॉयकॉट

बॉयकॉट हे इंग्रजी क्रियापद. निषेध म्हणून किंवा दबाव आणण्यासाठी एखाद्या व्यक्तीशी, संस्थेशी वा मालाशी ठरवून, बहुधा संघटितपणे, संबंध तोडणे हा त्याचा अर्थ. नुसते न आवडल्याने माल न घेणे म्हणजे बॉयकॉट नव्हे. त्यामागे काहीतरी मागणे असावे लागते.

मुळात हे एका माणसाचे आडनाव. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–१८९७) हा लष्करातून बाहेर पडलेला इंग्रज आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. (क्रिकेटवाला जेफ्री बॉयकॉट तो वेगळा.) पिके बुडाल्याने १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, जमीनदार १० टक्क्यांवर अडला आणि कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच सप्टेंबरात एनिसच्या सभेत आयरिश नेते चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी सांगितले होते, की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, वाळीत टाका. मेयोच्या कुळांनी हा उपाय कारभाऱ्यावरच चालवला. मजूर गेले, गडीमाणसे गेली, दुकानदारांनी माल नाकारला. शेवटी पीक काढायला बाहेरून ५० जण आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक व पोलीस. सुमारे ५०० पौंडांच्या पिकासाठी १० हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज होता. १ डिसेंबरला बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

क्रियापद घडवल्याचे श्रेय फादर जॉन ओमॅली यांना दिले जाते. अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या हकिकतीनुसार, ग्रीक वळणाचा जड शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही म्हणून ओमॅलींनी हा सुचवला. काही आठवड्यांतच तो लंडनच्या वृत्तपत्रांत आला आणि पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही रुजला.

इंग्रजीत हे क्रियापद सकर्मक आहे, कर्मापुढे शब्दयोगी अव्यय लागत नाही. मराठीत मात्र आपण निवडणुकी'वर' बहिष्कार टाकतो. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीच्या जोडीने आलेला आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत बसलेला 'बहिष्कार' तो याच अर्थाचा. पण दोन्ही शब्द पूर्ण समानार्थी मानणे चूक. मेयोत खालच्यांनी वरच्याला एकटे पाडले. आपल्याकडच्या जुन्या बहिष्कारात जात किंवा गाव दुबळ्यालाच एकटे पाडत आले. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारत'च्या नावात हा दुसरा अर्थ आहे. जातपंचायतींच्या अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.