डोंगर कुणाचे? चिनी निसर्गचित्रांमागचं राजकारण

चिनी निसर्गचित्र समोर आलं की ते कोणत्या राजवटीतलं आहे, हे आधी बघावं. धुकं, पाइनची झाडं, कड्याखालची झोपडी वरवर सारखीच दिसतात. पण राजवंश बदलला की त्या डोंगरांचा अर्थ बदलतो.

तांग घराण्याच्या काळापर्यंत चित्रात मान होता तो माणसाला: दरबारी, घोडेस्वार, बुद्ध. वायव्य चीनमधल्या तुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांत डोंगर आहेत, पण बहुतेक मागच्या पडद्यासारखे. ९०७ मध्ये तांग सत्ता कोसळली, अर्धशतकभर राज्यं उभी राहत होती आणि पडत होती. त्या धामधुमीत जिंग हाओसारखे चित्रकार डोंगरात जाऊन राहिले आणि डोंगर चित्राचा नायक झाला.

९६० मध्ये सुंग घराणं आलं आणि या नायकाला दरबारी पोशाख चढला. फान क्वानचं 'डोंगर-ओढ्यांतले प्रवासी' हे चित्र दोन मीटरहून उंच आहे आणि वरचा बहुतेक भाग एकाच कड्याने व्यापलाय. खाली उजव्या कोपऱ्यात खेचरांचा तांडा चाललाय, शोधल्याशिवाय सापडत नाही असा. त्या तांड्यामागच्या पानांत चित्रकाराची सही दडलेली आहे, हे लक्षात आलं १९५८ मध्ये! मोठा डोंगर म्हणजे सम्राट, भोवतालच्या टेकड्या म्हणजे मानकरी, अशी मांडणी याच काळातला चित्रकार क्वो शी याच्या लेखनात आहे. सम्राट हुईझोंग तर स्वतःच उत्तम चित्रकार. त्याच्या दरबारी चित्रशाळेच्या परीक्षेत कवितेची एक ओळ देत आणि तिच्यावर चित्र काढायला सांगत. राज्यकारभारात मात्र त्याचं काही खरं नव्हतं. ११२७ मध्ये ईशान्येकडून आलेल्या जुर्चेन लोकांनी राजधानी कायफेंग घेतली आणि त्याला कैद करून उत्तरेला नेलं.

उरलेला दरबार दक्षिणेत हांगझौला गेला. तिथल्या मा युआन आणि शिया ग्वेई यांनी डोंगर एका कोपऱ्यात सरकवला आणि बाकी जागा मोकळी सोडली. अर्धं राज्य गेलं म्हणून अर्धं चित्र रिकामं, असा अर्थ पुढच्या टीकाकारांनी लावला. मला तो ओढूनताणून लावलेला वाटतो. रिकाम्या जागेची मजा त्यांना चित्रकार म्हणूनच कळली असणार.

१२७९ मध्ये मंगोलांनी सगळा चीन घेतला. झेंग सीशियाओने ऑर्किड काढली, पण मुळांखाली माती काढलीच नाही. माती परक्यांनी चोरली, असं त्याचं म्हणणं. याउलट सुंग राजघराण्यातल्याच झाओ मेंगफूने कुबलाई खानाची नोकरी धरली आणि पिढ्यान् पिढ्या बोलणी खाल्ली. राजसेवेच्या परीक्षा कित्येक दशकं बंद राहिल्या. शिकल्यासवरल्या माणसांना पदं मिळेनात, तेव्हा ती कागदावर शाईने, अक्षरं लिहावीत तसं चित्र काढू लागली. चित्र हुबेहूब असण्यापेक्षा काढणाऱ्याचं मन त्यात दिसावं, हा सुंगकाळातला कवी सू शी याचा विचार आता रुजला.

या परंपरेतलं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे हुआंग गोंगवांगचं 'फूछुन डोंगरातला मुक्काम'. हा साधा कारकुनी करणारा माणूस एका प्रकरणात तुरुंगात गेला, पुढे ताओ या चिनी धर्मपंथात गेला. ऐंशीच्या घरात असताना त्याने कित्येक मीटर लांबीची ही गुंडाळी एका ताओपंथी स्नेह्यासाठी रंगवली. तिच्यावरचा मजकूर १३५० चा आहे.

मंगोलांनंतरच्या मिंग काळात ती चित्रकार दोंग चीचांगच्या हाती आली. यानेच चित्रकारांची 'उत्तर' आणि 'दक्षिण' अशी वाटणी केली. तिचा भूगोलाशी संबंध नाही: धंदेवाईक आणि दरबारी ते उत्तरेचे, हौसेने काढणारे विद्वान ते दक्षिणेचे. तो स्वतः दक्षिणेचा, हे सांगायला नकोच. पुढची तीनशे वर्षं चिनी कलेची चर्चा या वाटणीभोवतीच फिरली.

पुढे ही गुंडाळी वू घराण्याकडे गेली. १६५० मध्ये मरणशय्येवरच्या मालकाने ती आपल्याबरोबर जाळायला सांगितली. पुतण्याने आगीतून ओढून काढली खरी, पण तोवर तिचे दोन तुकडे झाले होते. मिंगनंतरच्या छिंग घराण्यातल्या सम्राट छियेनलोंगला आधी तिची नक्कल मिळाली. तीच अस्सल समजून त्याने तिच्यावर मोकळ्या जागेत शेरे लिहून लिहून जागा संपवली. वर्षभरात मोठा अस्सल तुकडा आला, तो त्याने नकली ठरवला. या चुकीमुळेच तो तुकडा सम्राटाच्या हस्ताक्षरातून वाचला!

१९३३ मध्ये जपानी सैन्य जवळ आलं म्हणून राजवाड्यातला खजिना पेट्यांत भरून बीजिंगबाहेर हलवला गेला आणि राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट यांच्यातल्या यादवी युद्धाच्या अखेरीस त्यातला निवडक भाग तैवानला पोचला. मोठा तुकडा त्यामुळे तैपेईत आहे; जेमतेम अर्ध्या मीटरचा छोटा हांगझौच्या संग्रहालयात. २०१० मध्ये चीनचे पंतप्रधान वेन ज्याबाओ यांनी पत्रकार परिषदेत या दोन तुकड्यांचा दाखला देऊन तैवानशी जवळीक साधण्याची भाषा केली. पुढच्या वर्षी दोन्ही तुकडे एकत्र मांडले गेले, पण तैपेईत. आपल्याकडचा तुकडा चीनला पाठवायला तैवान तयार नाही, कारण तो परत मिळेल याची कायदेशीर हमी त्यांना हवी आहे.