आधी पद, मग राग

शास्त्रीय संगीताची गोडी कशी लागली, असे महाराष्ट्रातल्या एखाद्या मुरलेल्या श्रोत्याला विचारून पाहा. मैफलीचे नाव तो क्वचितच घेतो. बहुधा नाटकाचे घेतो. आज पंचाहत्तरीच्या पुढचा असेल तर 'मत्स्यगंधा' किंवा 'कट्यार काळजात घुसली', आणि आपल्या वडिलांची हकिगत सांगत असेल तर 'मानापमान', 'स्वयंवर'. गोष्ट पाहायला म्हणून तिकीट काढावे आणि परतताना डोक्यात बिहाग राग घेऊन यावे, ही इकडची रीतच. 'कट्यार'वरच्या चित्रपटापासून अलीकडच्या पुनरुज्जीवनापर्यंत संगीत नाटकाबद्दल पुन्हा बोलले जाते आहे, त्यात हा भाग हमखास निसटतो. म्हणून ही पार्श्वभूमी.

शाकुंतल-सौभद्राचा काळ सगळ्यांना ठाऊक आहे, तो इथे उगाळत नाही. फक्त एक लक्षात ठेवावे. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगमंचावर आले तेव्हा आणि दोन वर्षांनी 'सौभद्र' आले तेव्हाही चाली प्रेक्षकाच्या ओळखीच्या होत्या. साकी, दिंडी, कामदा या छंदांच्या चाली कीर्तनातून आलेल्या, लावणीच्या चाली फडावरून आलेल्या, काही कर्नाटकी पदांवरून उचललेल्या. शाकुंतलात पदे सुमारे दोनशे, सौभद्रात शंभराच्या वर. संवादाच्या जागी गाणे असा तो मामला. राग त्यात होतेच, पण कुणी राग ऐकायला येत नव्हते आणि नाटकवाल्यांनाही तो ऐकवायचा नव्हता. घरी जाताना गुणगुणता आले की झाले.

वळण आले ते १९११ च्या 'मानापमान'ने. त्याआधी चाली निवडायचे काम मुख्यतः नाटककाराचे. इथे मात्र ते एका पेटीवादकाकडे सोपवले गेले आणि त्याने पूरब अंगाच्या, म्हणजे बनारस-लखनौकडच्या ढंगाच्या, भावप्रधान ठुमऱ्या-दादरे, गझला, रागांत बांधलेल्या बंदिशी आणून मराठी शब्दांखाली ठेवल्या. पदांची संख्या पन्नासच्या घरात उतरली. प्रत्येक पदाला हातपाय पसरायला जागा मिळाली. पाच वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, 'स्वयंवर' आले. त्याच्या चाली देणारे तर तीन घराण्यांची तालीम घेतलेले पट्टीचे ख्यालगायक. त्याच वर्षी बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली होती आणि रागांचे शास्त्र, वर्गीकरण, शिक्षण यांवर विद्वानांचा खल झाला होता. परिषदेचे महत्त्व कमी लेखायचे नाही. पण यमन राग म्हणजे काय हे मराठी घरांत परिषदेमुळे कळले की 'स्वयंवर'मधल्या 'नाथ हा माझा'मुळे, याचे उत्तर द्यायला मला फार विचार करावा लागत नाही.

यामागचे कारण साधे आहे. ख्याल-ठुमरी तोवर दरबारात नाही तर कोठीवर. मध्यमवर्गीय घरातल्या बाईने दोन्हीकडे जायचा प्रश्नच नव्हता, पुरुषानेही चारचौघांत सांगून जावे अशी ती ठिकाणे नव्हती. नाटकाचे तिकीट मात्र कुणालाही काढता येत होते. बायकांना बसायला वेगळी सोय असे. आणि गाणे समोर येई ते 'स्वयंवर'च्या रुक्मिणीच्या किंवा 'मानापमान'च्या भामिनीच्या तोंडून, कथेच्या ओघात. न कळणारी ब्रज भाषेतली चीज, म्हणजे बंदिश, मुकाट ऐकण्यापेक्षा, आता कृष्ण येणार की नाही या धाकधुकीत ऐकलेला विलंबित, संथ सूर आत जाऊन बसतो.

नाटकाच्या जुन्या छापील प्रती पाहिल्या तर ही वाट डोळ्यांनी दिसते. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ असते: राग अमुक, ताल तमुक, आणि 'चाल' म्हणून कंसात मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. शब्द कधी हिंदी, कधी कानडी, कधी दुसऱ्याच एखाद्या मराठी पदाचे. आमच्या घरातल्या एका प्रतीत या ओळीखाली कुणीतरी पेन्सिलीने काट मारून दुसरेच शब्द लिहिले आहेत आणि समासात 'ही नव्हे' असा शेरा आहे. म्हणजे ज्याने तो लिहिला त्याने पद ऐकले, मग मूळ चीज कुठेतरी ऐकली, घरी येऊन ताडून पाहिली आणि छापणाऱ्याची चूक धरली. नाटकाच्या प्रेक्षकाचा श्रोता कसा झाला हे त्या दोन शब्दांत आहे. आज त्या कंसातल्या कित्येक मूळ चाली कुणाच्याच गळ्यात नाहीत, उरली ती नुसती कंसातली खूण.

१९३१-३२ मध्ये बोलपट आले आणि नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. १९३३ पासून वास्तववादी नवनाट्याने पदांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी केली. १९४२ च्या 'कुलवधू'सारखे अपवाद झाले, पण एकंदरीत पुढची पंचवीस वर्षे ओहोटीची. या ओहोटीत पद जगले ते तबकडीवर. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे, त्यामुळे आलाप आटोपशीर, ताना मोजक्या आणि मुखडा लगेच हजर. ज्यांनी नाटक कधी पाहिले नाही अशा मुलांना ही तीन मिनिटे पाठ झाली. रेडिओचे मात्र वेगळेच. १९४० ते १९७१ हार्मोनियमला आकाशवाणीवर मज्जाव होता. ज्या नाट्यगृहात पडदा वर जायच्या आधी ऑर्गनचा सूर भरून राही, तिथली गाणी आकाशवाणीच्या गायनात पेटीवाचून ऐकायची वेळ आली. जुन्या रसिकांना हे फार झोंबले होते.

आता शब्दाकडे येतो, कारण सगळा घोळ तिथे आहे.

'नाट्यसंगीत' हा प्रकार कुठला? कार्यक्रमपत्रिकेत त्याला 'उपशास्त्रीय' म्हणतात. ठुमरी, दादरा, कजरी, टप्पा यांच्या पंगतीत बसवतात. पण ठुमरीला स्वतःची गायकी आहे, बोलबनाव म्हणजे शब्द निरनिराळ्या भावांनी खुलवणे आहे, ठरावीक ताल आणि रागांची आवड आहे. नाट्यपदाला असे एक रूपच नाही. 'मम आत्मा गमला' बिहागातल्या बंदिशीच्या वळणाने जाते, दुसरे एखादे पद सरळ गझल असते, तिसरे साकी, चौथे कर्नाटकी कृतीसारखे, पाचव्यात पंजाबी अंगाच्या ताना. यांच्यात समान धागा एवढाच की ती नाटकात गायली गेली. लग्नात जे जे शिजते त्या सगळ्याला 'लग्नाचे जेवण' म्हणावे, तसे हे नाव. पदार्थ कोणता हे त्यातून कळत नाही, पंगत कुठली ते कळते.

त्यात पुन्हा 'पद' आणि 'गीत' यांचा गोंधळ. 'पद' हा कीर्तनातला शब्द. पद म्हटले की निरूपण पुढे नेणारे गाणे, कथेच्या मध्ये उभे राहून बोलणारे. 'नाट्यगीत' हा शब्द भावगीताच्या शेजारचा वाटतो, आणि तो रुळला तेव्हा भावगीत जोरात होते हा योगायोग नसावा. शब्द बदलला तसे ऐकणेही बदलले. पद प्रसंगाला चिकटलेले असते. गीत सुटे काढून रेकॉर्डवर ठेवता येते, स्पर्धेत गाता येते. आज स्पर्धांत नाट्यगीताचा गट वेगळा आणि शास्त्रीयाचा वेगळा असतो. एकच मुलगी एकच बिहाग दोन गटांत गाऊन दोनदा बक्षीस घेते, ते वेगळेच.

आणि मैफलीत काय होते? मध्यंतरानंतर फर्माइशीच्या चिठ्ठ्या येतात. गायक पद घेतो, त्यातली पहिली ओळ धरून वीस मिनिटे रागाची बढत, म्हणजे हळूहळू विस्तार, करतो, कधी मूळ चिजेचे शब्दही मध्ये घालतो. हे नाट्यसंगीत म्हणायचे की राग? माझ्या मते राग, नाट्यपदाच्या अंगरख्यातला. काही घराणेदार मंडळींना हेच खुपायचे. पदे गाऊन गळा बिघडतो आणि श्रोता टाळीला सोकावतो, म्हणून शिष्यांना पदे गायची बंदी करणारे गुरू होते. तक्रार अगदी निराधार नव्हती. 'वन्स मोअर'वर पोसलेल्या कानाला तान लवकर हवी असते. नाट्यसंगीताने कान तयार केले, पण तासभर विलंबितात बसायचा धीर प्रत्येकाला दिला नाही. एवढे मान्य करूनही 'उप' हा उपसर्ग मला खटकतो. ज्या चाली ख्यालियांनी दिल्या, ख्यालियांनी शिकवल्या आणि ख्यालियांनीच मैफलीत फुलवल्या, त्या पायरीखाली बसवायच्या कशाला? ठुमरीवाल्यांनाही हा 'उप' आवडत नाही म्हणा.

साठच्या दशकाकडे या सगळ्या भांडणाच्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १९६० मध्ये 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'सुवर्णतुला' आले, १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा'. नाटक आता रात्रभराचे राहिले नव्हते, तीन तासांत आटोपायचे होते. पदे दहा-पंधराच्या आसपास. गोव्यातून मुंबईत आलेल्या एका तरुण गवयाने 'मत्स्यगंधा'च्या चाली दिल्या आणि त्या जुन्या चालींच्या वळणावर गेल्या नाहीत. कंसातली 'चाल' ही ओळ गळून पडली. मूळ चिजेवर शब्द बसवण्याऐवजी शब्द हातात घेऊन रागातून नवी रचना करायची, असे कामाचे उलटे झाले. अनवट, क्वचित ऐकू येणारे राग आले, तेही अशा रूपात की रिक्षावाल्यानेही गुणगुणावेत. तेव्हा कॉलेजात असलेल्यांना आपण काहीतरी अवघड ऐकतो आहोत याचा पत्ताच नव्हता.

२४ डिसेंबर १९६७ रोजी 'कट्यार काळजात घुसली'चा पहिला प्रयोग झाला. गाण्यावरचेच नाटक. दोन घराणी, एक पंडितजींचे, एक खाँसाहेबांचे, एक दरबारी मान, आणि शत्रूच्या घरात नोकर होऊन विद्या चोरायला आलेला शिष्य. कथानक सगळ्यांना पाठ आहे. मला सांगायचे आहे ते एका पदाबद्दल. 'घेई छंद मकरंद' या नाटकात दोनदा येते, दोन वेगळ्या चालींत. पंडितजींच्या घराण्याची चाल धानी रागात, शांत, ओळ सरळ ठेवून देणारी. खाँसाहेबांची सालगवराळी रागात, आक्रमक, शब्दाला झटका देऊन तानेत घुसणारी. शब्द तेच, भुंगा तोच, कमळही तेच.

घराणे म्हणजे काय हे समजावायला एरवी प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची पडतात: आवाजाचा लगाव, लयीशी नाते, बढतीची शिस्त. इथे व्याख्यान नाही की तक्ता नाही. एकच ओळ दोन तोंडांतून येते आणि सहाव्या रांगेत बसलेल्या, सा कुठला हे न कळणाऱ्या माणसालाही कळते की ही दोन घरे निराळी आहेत. त्या काळी नाटक पाहून आलेले कित्येकजण घरी दोन्ही चाली आळीपाळीने म्हणून पाहत. दुसरी जमत नसे. ती का जमत नाही हा प्रश्न पडला की माणूस अडकला. मग तो त्या नटाची मैफल शोधत जाई, कारण खाँसाहेब साकारणारा मुळात मैफलीचाच गवई होता. मैफलीत त्याला मारवा राग भेटे, आणि मारव्याला ना कथा होती ना पडदा. तिथून पुढे जो टिकला तो जन्मभर टिकला.

टिकला नाही तोही काही वाया गेला नाही. त्याच्याकडे पुढे ध्वनिमुद्रिका होती, ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. पट्टी सैल पडून सूर लोळायला लागला की कॅसेट बाहेर काढून पेन्सिलीने गुंडाळायची, हे त्या पिढीचे रियाजाइतकेच नेमाचे काम.

नोव्हेंबर २०१५ मध्ये याच नाटकावरचा चित्रपट आला आणि वाद नव्याने पेटला. काही पदे ठेवली, काही छाटली, नवी गाणी घातली. नाटकातला खाँसाहेब गुंतागुंतीचा होता, पडद्यावर तो काळ्या रंगात जास्त बुडवला, असा एक आक्षेप. गाणी चित्रपटाच्या मापाने कापली, हा दुसरा. पहिला मला बराचसा पटतो. दुसरा तितका नाही. तबकडीने तीन मिनिटांत बसवले तेव्हाही हेच म्हटले गेले असणार, आणि त्याच तीन मिनिटांवर एक पिढी उभी राहिली. चित्रपटानंतर तिशीच्या आतली मंडळी मैफलींत दिसू लागली, चिठ्ठ्या पाठवू लागली. चिठ्ठीत चित्रपटातल्या गाण्याचे नाव असे, हे खरे. पण १९१६ सालच्या प्रेक्षकाने तरी रागाचे नाव लिहून कुठे पाठवले होते?

गाण्याच्या क्लासांत याचा परिणाम अजून दिसतो. पहिल्या दिवशी मुलगा किंवा मुलगी मोबाइल पुढे करून 'मला हे शिकायचंय' म्हणते. शिकवणाऱ्या बाई हसतात, मोबाइल बाजूला ठेवायला लावतात आणि भूप राग काढतात. सा रे ग प ध, पाच स्वर, महिनोन्महिने तेच. मूल कंटाळते, आई चौकशी करते की नाट्यगीत कधी सुरू होणार. मग एखाद्या संध्याकाळी बाई पेटीवर तेच पाच स्वर छेडत 'स्वयंवर'मधल्या 'सुजन कसा मन चोरी'ची पहिली ओळ म्हणतात. मुलीला ती ओळ नवी असते, पण पुढचा स्वर कुठे जाणार हे तिला आधीच माहीत असते, आणि बाई थांबल्या तरी ती गातच राहते.