भरमा: घोड्यावर बसलेल्या ब्रह्मदेवाचं नाव

माझ्या आज्जाचं नाव भरमाण्णा. शेताच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये ते ‘भरमप्पा’ झालं, शाळेच्या दाखल्यावर मराठीत ‘भरमा’ राहिलं आणि बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत असं काही उमटलं की मोठ्यानं वाचलं तर ‘बर्मा’ ऐकू यायचं. बर्मा म्हणजे आपल्या मराठीतला ब्रह्मदेश. आज्जा हसून सांगायचा, ‘उताऱ्यावर दीड एकर हाय, बँकेत बघितलं तर अख्खा देश.’ गंमत अशी की त्या कारकुनाच्या हातून चुकून का होईना, नावाच्या मुळाशीच बोट लागलं होतं. कसं, ते पुढं येईलच.

भरमा, भरमू, भरमाजी, भरमाण्णा, भरमप्पा, भरमगोंडा आणि बायकांत भरमव्वा ही सगळी एकाच घरातली भावंडं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि सीमेपलीकडं चंदगड, गडहिंग्लज एवढा पट्टा सोडला की मराठी मुलखात हे नाव जवळजवळ सापडत नाही. पुण्यात कुणाला सांगितलं तर पहिला प्रश्न ठरलेला: ‘भरमा? म्हणजे भ्रम?’ शाळेत तर त्याहून वाईट. ‘भरमसाट’ हा शब्द ज्या दिवशी धड्यात आला, त्या दिवसापासून वर्गातल्या एकुलत्या एका भरमाचं आयुष्य बदललं. आमच्या वर्गात असा एक होता. सातवीपर्यंत तो भरमसाटच राहिला.

पण भ्रमाचा इथं काही संबंध नाही. भरमा हा ‘ब्रह्म’ या शब्दाचा घरगुती अवतार आहे. बोलीत जोडाक्षरं टिकत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘ह’चं मात्र आणखी एक खोडसाळ वळण आहे: तो आपली जागा सोडून शब्दाच्या पहिल्या अक्षराला जाऊन चिकटतो. गृहचं घर झालं ते असंच. ‘ग’ला ‘ह’ मिळाला आणि ‘घ’ झाला. दुहिता या संस्कृत शब्दाची जुन्या मराठीत धूव झाली, तिथंही ‘द’ आणि ‘ह’ मिळून ‘ध’. त्याच चालीनं ब्रह्ममधला ‘ह’ पुढं आला, ‘ब’चा ‘भ’ झाला, मध्ये स्वर शिरले आणि उरलं ते भरम. कन्नडमध्ये ब्रह्मचं आणखी एक रूप प्रचलित आहे, बोम्म. बोम्मण्णा, बोम्मरस, बोम्मई ही नावं त्या फांदीवरची. म्हणजे भरमा आणि बोम्मण्णा हे चुलतभाऊ, फक्त एकमेकांना ओळखत नाहीत.

शब्दाचं कोडं इतकं सोपं. खरं कोडं देवाचं आहे.

चार तोंडांच्या, सृष्टी घडवणाऱ्या ब्रह्मदेवाला आपल्याकडं पूजाच नाही. शापाच्या कथा आहेत, देवळं म्हणाल तर पुष्कर सोडून लोकांना पटकन दुसरं आठवत नाही. मग ज्या देवाला कुणी नवस बोलत नाही, त्याचं नाव पिढ्यानपिढ्या पोरांना कोण कशाला ठेवील? याचं उत्तर निपाणीजवळच्या तवंदी घाटात आहे.

पुणे-बेंगळूर हमरस्त्यावर निपाणी सोडून बेळगावकडं निघालं की घाट लागतो. तिथंच स्तवनिधी हे दिगंबर जैनांचं क्षेत्र आहे. नवखंड पार्श्वनाथाचं मंदिर आणि त्याच आवारात क्षेत्रपाल ब्रह्मदेव, ज्याला ब्रह्मनाथही म्हणतात. पार्श्वनाथ वीतराग. तो काही मागून देणाऱ्यातला नव्हे, त्याच्याकडं फक्त बघायचं आणि शांत व्हायचं. पोर आजारी पडलं, म्हैस हरवली, कोर्टाची तारीख लागली, तर गाऱ्हाणं घालायचं ते क्षेत्रपालाकडं. क्षेत्र राखणारा देव आहे तो, राखणदार. आणि लोकांची नावं राखणदाराच्या हिशेबानं ठरतात, मालकाच्या नव्हे. तीर्थंकरांचीही नावं आहेत, नाही असं नाही. आदिनाथाचा आदगोंडा, नेमिनाथाचा नेमू आणि नेमगोंडा, पार्श्वाचा पारिसा. पण नवसाचा मुलगा असेल तर भरमा.

जैन परंपरेत चोवीस तीर्थंकरांपैकी प्रत्येकाला एक यक्ष आणि एक यक्षी आहे. दहावे शीतलनाथ, त्यांचा यक्ष ब्रह्म. ग्रंथांत तो कमळावर बसलेला आहे. कर्नाटकात मात्र त्यानं ग्रंथ बाजूला ठेवून घोडा घेतला. बस्तीसमोरच्या, म्हणजे जैन मंदिरासमोरच्या, उंच दगडी खांबावर, टोकाला, घोडेस्वार ब्रह्मदेव, हे दृश्य दक्षिणेत अनेक ठिकाणी दिसतं. श्रवणबेळगोळला गंग राजांचा सेनापती चावुंडराय यानं ९८१ च्या सुमारास गोम्मटेश्वराची मूर्ती उभी केली. त्याच टेकडीवर ‘त्यागद ब्रह्मदेव कंब’ म्हणून ओळखला जाणारा खांब चावुंडरायाच्याच काळातला आहे. या यक्षाचा इथं किती जुना वावर आहे ते यावरून कळावं.

बेळगाव स्वतः त्या परंपरेच्या बाहेर नव्हतं. सौंदत्तीचे रट्ट राजे नंतर वेणुग्रामाला, म्हणजे बेळगावला आले. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ मध्ये किल्ल्यात बांधलेली कमलबस्ती आजही उभी आहे. छताला लोंबणारं दगडी कमळ बघायला लोक जातात आणि फोटो काढून येतात. त्या काळात गावोगाव बस्त्या होत्या, शेती करणारे जैन होते. चतुर्थ आणि पंचम या पोटजातींचे जैन आजही या पट्ट्यात आहेत, निपाणीकडं घरात मराठी बोलतात, पुढं अथणी-कागवाडकडं कन्नड. दिगंबर मुनिपरंपरा विसाव्या शतकात पुन्हा उभी करणारे आचार्य शांतिसागर याच मातीतले, भोजचे, जन्म १८७२. दीक्षेआधी त्यांचं नाव सातगौडा पाटील. त्या नावातही तोच गौडा आहे, मराठीत लिहिताना आपण त्याचा ‘गोंडा’ करतो तो.

मग हे नाव जैनांपुरतं राहिलं का? नाही, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. आम्ही मराठा. आमच्या घरात कुणी स्तवनिधीला नवस बोलल्याचं ऐकिवात नाही. आज्जाच्या नावाचं कारण विचारलं तर आज्जी म्हणायची, ‘ब्रह्मलिंगाचा हाय तो.’ बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला आणि चंदगडात ब्रह्मलिंगाची देवळं आहेत. नाव ब्रह्माचं, रूप लिंगाचं आणि काम पुन्हा तेच, गावची राखण. यक्ष असो, लिंग असो, धनगराच्या माळावरचा दगड असो, या पट्ट्यातला ब्रह्म सृष्टी घडवत बसत नाही, तो वेशीवर उभा राहतो. म्हणून जैन, मराठा, लिंगायत, धनगर सगळ्यांनी हे नाव घेतलं आणि कुणालाच ते परकं वाटलं नाही.

फरक पडतो तो शेपटात. भरमप्पा म्हटलं की माणूस बहुधा कन्नड घरातला, भरमू आणि भरमाजी मराठी, भरमगोंडा पाटीलकीचा. भरमाण्णा दोन्हीकडं चालतो, कारण अण्णा दोन्ही भाषांचा. खाली चित्रदुर्गाच्या पाळेगारांत, म्हणजे तिथल्या छोट्या राजांतही हे नाव होतं. तिथला भरमण्णा नायक १६८९ ते १७२१ गादीवर होता आणि त्या जिल्ह्यात भरमसागर नावाचं गाव आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला गेला, चंदगड तालुका तेवढा काढून कोल्हापूरला जोडला. एकाच शिवारातले भरमा दोन राज्यांत वाटले गेले. पलीकडच्या भरमूचा ‘भ’ शाबूत राहिला. चंदगडचे माजी आमदार आणि महाराष्ट्रात मंत्री झालेले भरमूअण्णा पाटील सगळ्यांना याच नावानं माहीत आहेत. इकडं कागदपत्रं कन्नडमध्ये गेली. कन्नड लिपीत ‘भ’ आहे, पण खेड्यातल्या बोलण्यात महाप्राण गळतात आणि भरमप्पाचा बरमप्पा होतो. ऐकणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं, त्यावरून कुणीतरी इंग्रजी केलं. आज्जाच्या पासबुकातला देश असा तयार झाला. त्यापायी वारसा लावताना वडिलांना ‘या तिन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं, दोनदा. पहिल्या वेळी टंकलेखकानं त्या प्रतिज्ञापत्रातच चौथं नाव तयार केलं होतं: भ्रमण्णा.

आता हे नाव नव्या पोरांना कुणी ठेवत नाही. पूर्वी नातवाला आज्जाचं नाव घालायची रीत होती, त्यामुळं एक पिढी गाळून नाव परत यायचं. ती साखळी माझ्या पिढीत तुटली. शिकलेल्या आईबापांना नाव गावंढळ वाटलं, शिवाय पुण्या-बेंगळूरला नोकरी म्हणजे रोज अर्थ समजावत बसायचं. काहींनी ते कागदावर ठेवून वापरातून काढलं. कागवाडचे आमदार राजू कागे सगळ्यांना राजू म्हणूनच माहीत, निवडणुकीच्या अर्जावर मात्र भरमगौडा अलगौडा कागे. नावांची यादी देणाऱ्या पुस्तकांत आरव, विहान, अद्वैत अर्थासकट मिळतात, भरमा नाही. गंमत वाटते, कारण अर्थ बघूनच नाव ठेवायचं तर ‘ब्रह्म’हून मोठा अर्थ कुठून आणणार? अद्वैतवाल्यांनाही शेवटी तिथंच यायचं आहे.

गेल्या वर्षी चुलतभावाच्या मुलाचं बारसं झालं. जन्मदाखल्यावर विहान आधीच लागला होता. पाळण्याखालून-वरून गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्यानं कानात कुर्रर्र करून विहान सांगितलं, टाळ्या पडल्या, घुगऱ्या वाटल्या. मग थोरली आज्जी काठी टेकत उठली, पाळण्यावर वाकली आणि दुसऱ्या कानात काहीतरी पुटपुटली. पोराच्या आईनं विचारलं, काय सांगितलंसा? आज्जी म्हणाली, ‘काय न्हाई गे. देवाचं.’ तेव्हापासून ती त्याला अंगणात हाक मारते, ‘खट्टे गेलास रे भरम्या?’ आणि ते पोर वळून बघतं.