राखीव कलम (बेसबॉल)

राखीव कलम : अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये कराराची मुदत संपल्यावरही खेळाडूला त्याच क्लबाशी बांधून ठेवणारी तरतूद. १८७९ पासून १९७५ पर्यंत ती निरनिराळ्या रूपांत अमलात होती. खेळाडूपुढे दोनच वाटा असत : क्लब देईल त्या पगारावर खेळणे किंवा खेळ सोडणे. क्लबाला मात्र त्याला ठेवता येई, विकता येई, दुसऱ्या क्लबाच्या खेळाडूशी त्याची अदलाबदल (ट्रेड) करता येई आणि दहा दिवसांच्या सूचनेवर काढूनही टाकता येई. खो-खो किंवा कबड्डीत ‘राखीव खेळाडू’ म्हणजे बाहेर बसलेला बदली गडी. येथे अर्थ नेमका उलटा आहे. सुरुवातीस तरी संघातील बिनीचे गडी तेवढे ‘राखीव’ असत.

उगम : १८७१–७५ या काळातील पहिल्या व्यावसायिक संघटनेत खेळाडू दर हंगामाला, क्वचित हंगामाच्या मध्यावरही, क्लब बदलत. १८७५ मध्ये शिकागो क्लबाच्या विल्यम हल्बर्टने हंगाम चालू असतानाच बॉस्टनचे चार अव्वल खेळाडू (स्पॉल्डिंग, बार्न्स, मॅकव्हे आणि व्हाइट) पुढील वर्षासाठी गुपचूप करारबद्ध केले. हे त्या संघटनेच्या नियमांत बसत नव्हते. त्याच हल्बर्टच्या पुढाकाराने फेब्रुवारी १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली आणि तिचा अध्यक्ष असतानाच राखीव पद्धत आली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

२९ सप्टेंबर १८७९ रोजी बफलो येथील बैठकीत क्लबमालकांनी आपसांत ठरविले, की प्रत्येक क्लबाने पाच खेळाडूंची नावे द्यावीत आणि १८८० च्या हंगामासाठी इतर कोणी त्यांच्याशी बोलणी करू नयेत. राखीव खेळाडूला घेणाऱ्या संघाशी सामनेही खेळायचे नाहीत, असा बहिष्कार या ठरावाला जोडलेला होता. त्याचे जनकत्व बहुधा बॉस्टनचा मालक आर्थर सोडेन याला दिले जाते. या मताला परिस्थितीचा आधार आहे. जॉर्ज राइट व जिम ओरूर्क हे दोघे बॉस्टन सोडून प्रॉव्हिडन्सला गेले आणि १८७९ चे विजेतेपद प्रॉव्हिडन्सने बॉस्टनला मागे टाकून मिळविले. तेव्हा या पद्धतीची निकड सोडेनला सर्वांत जास्त होती. दुसरे मत असे, की तोट्यात चाललेल्या सर्वच मालकांची ती सामुदायिक खटपट होती आणि बुडत्या क्लबांना पगार आवरायचे होते. त्यावेळी मालकांनी जाहीरपणे मांडलेला युक्तिवाद चढ्या पगारांविषयीच होता, संघनिष्ठेविषयी नव्हता. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सोडेनकडे फार तर सूचकाचा मान जातो.

आरंभाच्या वर्षाबद्दलही एकवाक्यता नाही. काही लेखक तरतूद प्रथम लागू झाली ते १८८० हे वर्ष धरतात, तर काही १८८७. याचे कारण असे, की १८७९ चा ठराव मालकामालकांमधला होता. खेळाडूच्या करारपत्रात त्याचा मागमूस नव्हता. राखीव जागा १८८३ च्या राष्ट्रीय करारान्वये अकरा व १८८७ पर्यंत चौदा झाल्या, म्हणजे जवळजवळ सगळा संघच त्यांत आला. १८८७ मध्ये खेळाडूंच्या आग्रहावरून हा मजकूर करारपत्रात घालण्यात आला. या नोंदीत १८७९ धरले आहे, कारण क्लबांचे प्रत्यक्ष वर्तन तेव्हापासून बदलले. प्रारंभी काही खेळाडूंना पाचांत आपले नाव येणे भूषणावह वाटे, कारण पुढच्या हंगामाची नोकरी पक्की होई.

विक्री व अदलाबदल : बेसबॉलमधील ‘ट्रेड’ हे या कलमाचे अपत्य म्हणता येईल. खेळाडू मोकळा असेल, तर क्लबाजवळ देण्यासारखे काही नसते. तो आपल्या पायांनी जातो. हक्क राखला की त्याला किंमत येते. फेब्रुवारी १८८७ मध्ये शिकागोने माइक ‘किंग’ केली याला बॉस्टनला १०,००० डॉलरला विकले, तेव्हा कागदोपत्री विकला गेला तो त्याच्यावरील हक्क. डिसेंबर १९१९ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजना एक लाख डॉलरला दिले, तेही याच हक्काच्या बळावर.

विरोध व न्यायालये : न्यूयॉर्कचा खेळाडू व कायद्याचा पदवीधर जॉन माँटगमेरी वॉर्ड याने १८८५ मध्ये खेळाडूंची संघटना उभारली आणि १८९० मध्ये खेळाडूंची स्वतंत्र लीग काढली. ती एकच हंगाम चालली. वॉर्डने दुसरीकडे खेळू नये म्हणून क्लबाने मागितलेला मनाईहुकूम मात्र न्यायालयाने नाकारला. ‘राखीव’ या शब्दाचा अर्थ करारात स्पष्ट नाही, शिवाय क्लब दहा दिवसांत सुटतो व खेळाडू कायमचा अडकतो, हे न्यायालयाला खटकले. कलम न्यायालयात लंगडे, पण मालकांच्या आपसांतील बहिष्कारामुळे बळकट, अशी ही विचित्र स्थिती बराच काळ टिकली.

१९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेडरल लीग या प्रतिस्पर्धी लीगमधील बॉल्टिमोर क्लबाचा दावा फेटाळला. सामने भरविणे हा आंतरराज्य व्यापार नव्हे, खेळाडूंचा प्रवास केवळ आनुषंगिक आहे, असे न्यायमूर्ती होम्स यांनी म्हटले. परिणामी मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू होईना. १९५३ मध्ये टूलसन या खेळाडूच्या खटल्यात हीच भूमिका कायम राहिली.

७ ऑक्टोबर १९६९ रोजी सेंट लुइस कार्डिनल्सने बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लडला सात खेळाडूंच्या अदलाबदलीत फिलाडेल्फियाला दिले. त्याचा पगार ९०,००० डॉलर होता. २४ डिसेंबरला बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांना पत्र लिहून त्याने आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नसल्याचे कळविले व पुढे दावा लावला. जॅकी रॉबिन्सन व हँक ग्रीनबर्ग या निवृत्त खेळाडूंनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. जून १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लड हरला. बेसबॉलची सूट विसंगत आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण दुरुस्ती काँग्रेसवर (अमेरिकेच्या संसदेवर) सोपविली. मालक व खेळाडू संघटना यांच्यातील १९७३ च्या करारात मात्र दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांतील शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा हक्क मिळाला. तो शिकागो कब्जच्या रॉन सँटोने त्याच वर्षी प्रथम बजावला.

१९७५ चा निवाडा : पुढचा सगळा वाद एका शब्दप्रयोगाचा आहे. प्रमाण करारपत्राच्या परिच्छेद १०(अ) नुसार, खेळाडूने सही केली नाही, तर क्लबाला तोच करार ‘एक वर्षासाठी’ वाढविता येई. मालकांच्या मते वाढविलेल्या करारात वाढविण्याचे कलमही येते, म्हणून साखळी अखंड चालते. मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडू संघटनेच्या मते एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर (चेंडू फेकणारा) अँडी मेसरस्मिथ १९७५ चा पूर्ण हंगाम सही न करता खेळला. त्याची मूळ मागणी पगाराची नसून संमतीशिवाय ट्रेड होऊ नये अशी होती. वाद लवादाकडे गेला, तेव्हा माँट्रिऑलचा डेव्ह मॅकनॅली हा दुसरा अर्जदार होता. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने निवाडा दिला. मालकांनी त्यांना लगेच पदावरून दूर केले. न्यायालयांनी १९७६ च्या आरंभी निवाडा उचलून धरला.

जुलै १९७६ च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मोकळा (फ्री एजंट) होईल असे ठरले. सहा वर्षांची अट मिलर यांना अडचणीची नव्हती. दरवर्षी सगळेच मोकळे झाले, तर पुरवठा वाढून भाव उतरतील, हे त्यांनी ओळखले होते. मालकांपैकी ओकलंडच्या चार्ल्स फिन्ली यांनी सगळ्यांनाच मोकळे करा असे सुचविले होते, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. पहिल्या सहा वर्षांत क्लबाचा हक्क आजही टिकून आहे आणि तरुण खेळाडूंच्या अदलाबदली त्याच आधारावर होतात.

१९९८ च्या कर्ट फ्लड कायद्याने प्रमुख लीगच्या खेळाडूंच्या नोकरीपुरती मक्तेदारीविरोधी कायद्यातील सूट काढून घेतली. कनिष्ठ (मायनर) लीग या कायद्याबाहेर ठेवण्यात आल्या. तेथील खेळाडू २०२२ मध्ये प्रमुख लीगच्या खेळाडू संघटनेत सामील झाले.