गच्चीवरचा गहू आणि गोदावरीतल्या पाणवेली

नाशिकच्या इंदिरानगर, सिडको किंवा गंगापूर रोड भागात फिरताना रो-हाऊसच्या गच्च्यांवर आता दोन गोष्टी वारंवार दिसतात. एक म्हणजे सौर पॅनेलची रांग आणि दुसरी, तिच्या सावलीपासून जरा दूर, द्राक्षांच्या जुन्या क्रेटमध्ये लावलेली मेथी-पालकाची हिरवळ. वीज आपली, भाजी आपली, जमल्यास पाणीही आपले, अशी इच्छा या दोन्हींच्या मागे असते. ती कितपत पुरी होऊ शकते हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही आणि हिशेबाला एक गच्ची पुरेशी आहे. ही गच्ची १०० चौरस मीटरची, म्हणजे साधारण एका गुंठ्याची आणि घर चार माणसांचे आहे, असे धरू.

आधी उन्हाकडे पाहू, कारण गच्चीवर विपुल मिळणारी गोष्ट तीच आहे. आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिट, म्हणजे ५ किलोवॅट-तास, इतकी सौर ऊर्जा पडते. आजचे सिलिकॉन पॅनेल तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा विजेत बदलते. एक किलोवॅटच्या संचाला मोकळी जागा धरून १० चौरस मीटर लागतात आणि तो दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. त्यामुळे २ किलोवॅटचा संच महिन्याला २४० युनिटच्या आसपास वीज देतो आणि बेताने वीज वापरणाऱ्या चौघांच्या घराला ती पुरते. गच्चीचा फक्त पाचवा भाग त्यासाठी खर्च होतो.

मात्र ही पूर्तता कागदावरची आहे. आषाढ-श्रावणात आभाळ भरून राहिले की उत्पादन बरेच खाली येते. चैत्रात ऊन भरपूर असले तरी पॅनेल स्वतः तापून ६० अंशांपर्यंत जाते आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याची क्षमता सुमारे ०.४ टक्क्याने घटते. शिवाय दिवे, पंखे आणि टीव्ही चालतात रात्री. दिवसाची जास्तीची वीज ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, देऊन रात्री परत घेण्याची सोय नेट मीटरमुळे होते, म्हणजे ग्रीड हीच आपली बॅटरी असते. म्हणूनच गल्लीतली वीज गेली की बॅटरी नसलेला सौर संचही बंद पडतो. तो बिघाड नसतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या पॅनेलमधून धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच घडवलेला असतो. ‘आमचे घर विजेत स्वयंपूर्ण’ असे सांगणाऱ्याला भर दुपारी पंख्याविना बसावे लागते ते यामुळे.

आता तीच गच्ची संपूर्ण गव्हाखाली आणली तर काय होईल? नाशिकपासून जवळच निफाडजवळच्या कुंदेवाडीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. तिथे निपजलेल्या ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘गोदावरी’ या वाणांची नावेच नाशिककराला घरची वाटतील. पाणी, खत आणि वेळेवर पेरणी साधली तर अशा वाणांपासून हेक्टरी ४० क्विंटल उत्पादन धरायला हरकत नाही. म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम आणि आपल्या गच्चीवर ४० किलो. माणशी रोजचे ३५० ग्रॅम धान्य धरले तर घराला दिवसाला १.४ किलो लागते, तेव्हा हा सगळा गहू चार आठवड्यांत संपेल. वर्षभराच्या पोळ्यांसाठी सुमारे १३ गुंठे लागतील. डाळ, तेल, साखर आणि दूध यांचा तर विचारही केलेला नाही.

हा फरक इतका का पडतो, यातच खरी गंमत आहे. चार महिन्यांच्या हंगामात एका चौरस मीटरवर सुमारे ६०० युनिट, म्हणजे जवळपास ५ लाख १६ हजार किलोकॅलरी, इतका प्रकाश पडतो. हाती येणाऱ्या ४०० ग्रॅम गव्हात सुमारे १,३५० किलोकॅलरी असतात, म्हणजे पडलेल्या उन्हाचा जवळपास चारशेवा भाग. पानाला सूर्यप्रकाशातला निम्माच पट्टा वापरता येतो. रोपे लहान असताना बरेचसे ऊन उघड्या मातीवर पडून वाया जाते. जे पकडले जाते त्यातले काही रोप स्वतःच्या श्वसनासाठी खर्च करते आणि उरलेल्यातून मूळ, काडी व भुसाही बनतो. दाणा शेवटी भरतो. पॅनेलने पाचपैकी एक हिस्सा घ्यावा आणि गव्हाने चारशेपैकी एक, तरी पोट पॅनेलने भरत नाही. म्हणून अन्नाला जमीन लागते, आणि शहरात नेमकी तीच नसते.

एखादा हट्टी माणूस तरीही गच्चीवर शेत करायला निघाला तर त्याने आधी स्लॅबचा विचार करावा. वापरात असणाऱ्या गच्चीचा स्लॅब सामान्यतः चौरस मीटरला १५० किलोचा वापरभार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, गृहीत धरून आखलेला असतो. भिजलेल्या मातीचा १५ सेंटिमीटरचा थर मात्र चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जातो. गच्चीवर बाग करणारे जाणते लोक मातीऐवजी पालापाचोळा, कोकोपीट आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरतात आणि जड कुंड्या कठड्यालगत, तुळईच्या रेषेवर ठेवतात, ते यासाठीच. आमच्या घरी काळ्या मातीच्या पहिल्या दहा पाट्या मोठ्या उत्साहाने वर चढवल्या गेल्या होत्या. गवंड्याने पाहताक्षणी त्या खाली उतरवायला लावल्या.

भाजीचा हिशेब निराळा आहे. पालेभाजीत ऊर्जा अगदी थोडी असते, १०० ग्रॅम पालकात जेमतेम २५ किलोकॅलरी. पण आपण ती ऊर्जेसाठी खातच नाही. लोह, फोलेट आणि क जीवनसत्त्व यांसाठी ती ताटात असते. क जीवनसत्त्व तोडणीनंतर, विशेषतः उन्हाळी तापमानात, झपाट्याने घटत जाते, त्यामुळे गच्चीवरून दहा मिनिटांत कढईत पडणारी मेथी बाजारात दिवसभर पाणी मारून ठेवलेल्या जुडीपेक्षा खरोखरच सरस ठरते. मेथी महिन्याभरात काढणीला येते. वीस क्रेट असतील आणि दर आठवड्याला पाचांत नवे बी टाकले, तर आठवड्यातून दोनदा घरची पालेभाजी सहज होते. टोमॅटोच्या बाबतीत मात्र अशी हमी देण्याची माझी हिंमत नाही, कारण फळ कधी लाल झाले हे बुलबुलांना आपल्याआधी कळते.

या बागेची एक अडचण फारशी बोलली जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकच्या कोरड्या हवेत एक चौरस मीटर वाफ्याला रोज सात-आठ लिटर पाणी लागते. वीस चौरस मीटरची बाग म्हणजे दीडशे लिटर. शहरी माणसासाठी धरलेले प्रमाण रोजचे १३५ लिटर आहे. म्हणजे बाग केली की घरात एक माणूस वाढतो, आणि तोही गंगापूर धरणाची पातळी खाली जाऊन पाणीकपातीची चर्चा सुरू होते त्या दिवसांत. भाज्या धुतलेले किंवा वॉशिंग मशीनमधून कपडे शेवटच्या वेळी खळबळून निघालेले पाणी इथे उपयोगी पडते. साबणाचे पहिले पाणी टाळावे, कारण त्यातला सोडियम साचत जाऊन मातीची घडण बिघडवतो.

मग पावसाचे पाणी? नाशिक शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पन्नासेक किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, तेव्हा गच्चीवर ७०,००० लिटर पडतात. उडालेले आणि सुरुवातीचे धुळीचे सोडून दिलेले पाणी वजा केले तर ५६,००० लिटर हाती येतात. चौघांना ते जवळजवळ साडेतीन महिने पुरेल, पण ते येते नळाला पाणी असणाऱ्या महिन्यांतच आणि साठवायचे तर हजार लिटरच्या छप्पन्न टाक्या लागतील. उरलेले जमिनीत मुरवावे म्हटले तर खाली दख्खनचा काळा कातळ आहे. त्याच्या अंगात पाणी जवळजवळ शिरत नाही. ते साठते वरच्या मुरमात आणि कातळातल्या भेगांत. म्हणून दोन शेजाऱ्यांनी सारखाच शोषखड्डा केला तरी एकाच्या बोअरला पाणी वाढते आणि दुसऱ्याच्या नाही.

घराबाहेर जाणाऱ्या गोष्टींतली सर्वांत सोपी म्हणजे ओला कचरा. जिवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात हवे असतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र जास्त असते, सुक्या पानांत कर्ब. दोन्ही मिसळले आणि हवा खेळती राहिली की ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि त्यात रोगजंतू व बिया मरतात. ओल किती असावी हे मुठीने कळते: मिश्रण दाबल्यावर लाडू वळला जावा, पण थेंब गळू नये. पहिल्या पावसाळ्यात आमच्या ड्रमच्या झाकणातून पाणी आत गेले, हवा कोंडली आणि हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास गल्लीभर पसरला. “अहो, तुमच्या गच्चीवर काही मेलंय का बघा जरा,” असे शेजारच्या काकूंनी सांगितले तेव्हा कुठे आम्ही झाकण उघडले. उपाय सुक्या पानांचा होता आणि नेमकी ती पावसाळ्यात मिळत नाहीत. तेव्हापासून फाल्गुन-चैत्रातली पानगळ पोत्यांत भरून ठेवतो.

याच कचऱ्यापासून गॅसही मिळतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने खरकट्यावर चालणारे आटोपशीर बायोगॅस संयंत्र तयार झाले आणि त्यासाठी संस्थेला २००६ साली शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पण चौघांच्या घरातून रोज निघणाऱ्या किलोभर ओल्या कचऱ्यावर शेगडी अर्धा तास जळते, फार तर. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली उतरला की मिथेन करणारे जिवाणू मंदावतात आणि तेवढीही जळत नाही. त्यांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते.

शेवटी उरते ते मोरीतून आणि संडासातून जाणारे पाणी. हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम इथेच दडलेली आहे. प्रौढ माणसाच्या शरीरातून वर्षाला सुमारे ४ किलो नत्र बाहेर पडते, त्यातले बहुतेक मूत्रावाटे. चौघांचे मिळून १६ किलो, म्हणजे युरियाच्या पाऊण गोणीइतके. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे, तेव्हा आपल्या घराला लागणाऱ्या १३ गुंठ्यांसाठी साडेपंधरा किलो पुरते. आकडे असे जुळतात की क्षणभर बनवल्यासारखे वाटावेत. पण शेत निफाडकडे आहे, संडास इंदिरानगरात, आणि मधे मलनिस्सारण केंद्र. नेहमीची केंद्रे पाण्यातली घाण कमी करतात, मात्र नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचा बराच वाटा पाण्याबरोबर तसाच पुढे जातो. गोदावरी तो सायखेड्यावरून नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत नेते आणि वाटेत पाणवेली त्याच्यावर पोसतात. हा बंधारा निफाड तालुक्यातच आहे. म्हणजे गव्हाचे नत्र आपल्या तालुक्यात परत पोहोचलेले असते, फक्त वाफ्याऐवजी पाण्यात. काठावरचा शेतकरी मोटर लावण्याआधी हाताने पाणवेली बाजूला सारतो आणि पेरणीसाठी युरियाची गोणी विकत आणतो.