फोर्कलिफ्ट बॅटरीची की इंजिनाची: वादाची पार्श्वभूमी

बॅटरीवरची फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या काट्यांवर ओझं उचलून नेणारी गाडी, आज नवी म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात ती या क्षेत्रातली जुनीजाणती. 1906 मध्ये अमेरिकेत रेल्वेचं सामान वाहायला बॅटरीच्या गाड्या आल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात पॅलेटचा (माल रचून उचलायच्या फळीचा) वापर फोफावला, उघड्या यार्डात इंजिनाच्या गाड्या रुळल्या, आणि ‘बाहेर डिझेल, आत बॅटरी’ ही वाटणी बराच काळ टिकली. एलपीजीवरची गाडी मधल्यामध्ये बसली. तिचा धूर दिसत नाही म्हणून बंद गोदामातही चालते, हा समज मात्र घातक. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

खरा वाद शिफ्टचा. लेड-अॅसिड बॅटरीचं जुनं गणित आठ-आठ-आठचं: आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड होणं. म्हणजे तीन शिफ्टला प्रत्येक गाडीमागे तीन बॅटऱ्या. त्या उचलून बदलायला हॉइस्ट (उचलयंत्र), चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन बाहेर जाईल अशी हवेशीर खोली, वर डिस्टिल्ड वॉटर घालायला माणूस. पाणी चार्जिंग संपल्यावर घालायचं. आधीच काठोकाठ भरलं की अॅसिड उतू जातं. या सगळ्यापुढे पाच मिनिटांत टाकी भरणारं डिझेल जिंकलं तर नवल नाही. नवल याचं, की हेच गणित अजून लिथियमविरुद्ध पुढे केलं जातं. लिथियम बॅटरी चहाच्या सुट्टीतही थोडी थोडी चार्ज करता येते, बदलावी लागत नाही.

जुन्या गाडीत लिथियम बसवताना मात्र जपून. लेड-अॅसिड बॅटरी ही नुसती वीज नव्हे; तिचं वजन काट्यावरच्या ओझ्याला मागून तोलतं. हलकी बॅटरी टाकली आणि कमी झालेलं वजन भरून काढलं नाही, तर गाडीच्या प्लेटवर लिहिलेली ओझं उचलण्याची क्षमता खोटी ठरते. पूर्ण उंचीवर भरलेला पॅलेट असताना ते कळणं परवडत नाही.

2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारकांच्या यादीत गेला आणि बंदिस्त जागेत इंजिनाची बाजू आणखी लंगडी पडली. चढाचं, चिखलाचं, फार अवजड काम अजून बरंचसं डिझेलकडेच आहे. बॅटरीवाल्यांची अडचण आता वीजजोडणीकडे सरकली आहे: सुट्टीत सगळ्या गाड्या एकदम चार्जरला लागल्या की मंजूर वीजभार अपुरा पडतो, आणि तो वाढवण्याचा खर्च गाडीच्या कोटेशनमध्ये सहसा नसतो.