मिरर साठवण (रेड-१) : सर्व्हरच्या फर्मवेअरमधील मांडणी

एका डिस्कवर लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट त्याच वेळी दुसऱ्या डिस्कवरही लिहिली जावी आणि दोहोंपैकी एक डिस्क गेली तरी सर्व्हर न थांबता चालत राहावा, अशा व्यवस्थेला मिरर साठवण किंवा रेड-१ म्हणतात. ती ऑपरेटिंग सिस्टीममधून लावता येते, तशीच ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्यापूर्वी, सर्व्हर सुरू होताना उघडणाऱ्या फर्मवेअरच्या (यंत्रातच कायम बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमच्या) पडद्यांवरूनही लावता येते. या नोंदीत दुसऱ्या रीतीचा विचार केला आहे. पडद्यावरचे काम पाच-दहा मिनिटांत उरकते. ते नीट झाले होते की नाही, हे मात्र पहिली डिस्क बिघडते त्या दिवशीच कळते.

जोडीने डिस्क चालवण्याची कल्पना रेड या नावापेक्षा जुनी आहे. टँडम कंपनीच्या नॉनस्टॉप संगणकांत १९७० च्या दशकातच दुहेरी डिस्क वापरल्या जात होत्या. १९८८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांच्या समूहावर, म्हणजेच रेडवर, एक शोधनिबंध मांडला. त्यात अशा समूहांचे पाच स्तर सांगितले असून मिरर हा त्यांपैकी पहिला आहे. लेखकांच्या दृष्टीने तो नवा शोध नव्हता, तर इतर स्तरांची तुलना ज्याच्याशी करायची असा जुना आणि महागडा मार्ग होता. महागडा अशासाठी, की ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी वापरायला ४ टेराबाइटच मिळतात, आणि डिस्क वेगवेगळ्या आकारांच्या असतील तर लहान डिस्कएवढीच जागा हाती लागते. वाचनाचे काम दोन्ही डिस्कांत वाटून देता येते. लेखन मात्र दोहोंपैकी जी डिस्क मंद, तिच्या गतीने होते.

‘फर्मवेअरमधून रेड’ या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी मोडतात. पहिल्या प्रकारात स्वतंत्र रेड कंट्रोलर असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर आणि बहुधा स्वतःची कॅश (तात्पुरती वेगवान) मेमरी असते, आणि ऑपरेटिंग सिस्टीमला दोन डिस्क न दिसता एकच आभासी डिस्क दिसते. डेलचे पर्क आणि एचपीईचे स्मार्ट अ‍ॅरे हे या प्रकारातले. दुसऱ्या प्रकारात मदरबोर्डवरील चिपसेट आणि बायोस किंवा यूईएफआय (मशीन सुरू करणारे जुने आणि नवे फर्मवेअर) मिळून डिस्कांवर जोडीची नोंद लिहितात आणि मशीन सुरू होण्यापुरते ती जोडी सांभाळतात. पुढे दोन्हीकडे लिहिण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीममधला ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवर करतो. इंटेलचे रॅपिड स्टोरेज तंत्रज्ञान या प्रकारचे आहे. तंत्रज्ञ मंडळी त्याला कुचेष्टेने ‘फेक रेड’ म्हणतात, पण ते सर्वस्वी न्याय्य नाही. प्रत खरीच होते, फक्त ती करणारा वेगळा असतो. दोन्ही प्रकारांत जोडीची माहिती, म्हणजे कोणती डिस्क कोणत्या जोडीतली आणि तिची स्थिती काय, ही डिस्कवरच राखून ठेवलेल्या एका छोट्या भागात लिहिलेली असते. त्यामुळे मदरबोर्ड किंवा कंट्रोलर जळाला तरी त्याच कुळातल्या दुसऱ्या कंट्रोलरला ती जोडी ओळखता येते. इंटेलची नोंद लिनक्समधील रेड सांभाळणाऱ्या साधनाला, म्हणजे एमडीअ‍ॅडमलाही वाचता येते, आणि अडचणीच्या वेळी ही सोय फार मोलाची ठरते.

केवळ ऑपरेटिंग सिस्टीमच्या मिररवर अवलंबून न राहता फर्मवेअरकडे वळण्याचे एक सबळ कारण म्हणजे मशीन सुरू होण्याचा टप्पा. यूईएफआयला ऑपरेटिंग सिस्टीम चढवणारा सुरुवातीचा लोडर एका स्वतंत्र छोट्या विभाजनातून (डिस्कच्या वेगळ्या काढलेल्या भागातून) वाचावा लागतो, आणि सॉफ्टवेअर मिररमध्ये ते विभाजन पुष्कळदा एकाच डिस्कवर राहून जाते. मग नेमकी तीच डिस्क गेली, तर डेटा दुसऱ्या डिस्कवर शाबूत असूनही सर्व्हर सुरू होत नाही. कंट्रोलरने केलेल्या जोडीत या विभाजनासकट सर्व काही दोन्हीकडे असते. केवळ ऑपरेटिंग सिस्टीमपुरता मिरर हवा असेल, तर दोन लहान एम.२ डिस्क आतच जोडीने चालवणारी कार्डेही मिळतात. डेलचे बॉस कार्ड हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

मांडणीपूर्वीची तयारी पडद्यावरच्या कामापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. दोन्ही डिस्क समान क्षमतेच्या, समान प्रकारच्या आणि सर्व्हरसाठी बनवलेल्या असाव्यात. घरगुती संगणकाची डिस्क खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचण्यासाठी दीर्घकाळ धडपडत राहते. तेवढ्या वेळात कंट्रोलर तिला मृत समजून जोडीतून काढून टाकतो, आणि बरी असलेली डिस्क बिघडलेल्यांत जमा होते. सर्व्हरची डिस्क साधारण सात सेकंदांत प्रयत्न सोडून चूक कळवते. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आणि ती कोणत्या खाचेत आहे, हे कागदावर लिहून सर्व्हरच्या आवरणावर आतून चिकटवावे. डिस्कांवर जुना डेटा असेल तर तो आधी अन्यत्र हलवावा, कारण फर्मवेअरमधून नवी जोडी करताना बहुतेक कंट्रोलर दोन्ही डिस्क रिकाम्या आहेत असेच धरून चालतात.

डेलच्या पॉवरएज सर्व्हरमधील पर्क कंट्रोलरचे उदाहरण घेऊ. सर्व्हर सुरू होताना एफ२ दाबल्यावर सिस्टीम सेटअप उघडतो. त्यातील डिव्हाइस सेटिंग्जमध्ये कंट्रोलरचे नाव निवडावे आणि कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटमधून क्रिएट व्हर्च्युअल डिस्क या पर्यायाकडे जावे. जुन्या बायोस पद्धतीच्या सर्व्हरांत हीच कामे सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर कंट्रोल आणि आर या कळा दाबून उघडणाऱ्या निळसर पाटीतून केली जात. रेडचा स्तर म्हणून रेड-१ निवडल्यावर उपलब्ध डिस्कांची यादी येते. येथे घाई करू नये. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी दोन लहान डिस्क आणि डेटासाठी दोन मोठ्या, अशा चार डिस्क सर्व्हरमध्ये असतील, तर खाचांचे क्रमांक शून्यापासून मोजले जातात हे विसरून चुकीची जोडी जमवणे फार सोपे असते. आभासी डिस्कला नाव देता येते. ते रिकामे न सोडता कामाला धरून द्यावे. पट्ट्याच्या (स्ट्राइप, म्हणजे डेटाचा सलग तुकडा) आकाराचा प्रश्न येथेही विचारला जातो, पण मिररमध्ये डेटाचे पट्टे पाडून वाटप होत नसल्याने मूळ मूल्य तसेच ठेवलेले बरे.

यानंतर प्रारंभीकरणाचा पर्याय येतो. जलद प्रारंभीकरणात डिस्कच्या सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग पुसला जातो आणि जोडी लगेच वापरता येते. दोन्ही डिस्क एकसारख्या करण्याचे उरलेले काम पार्श्वभूमीवर चालते. संपूर्ण प्रारंभीकरणाला तासन्‌तास लागतात, पण प्रत्येक सेक्टर एकदा लिहून पाहिला जातो. डिस्क नव्या असतील आणि हाताशी एक रात्र असेल, तर हा दुसरा मार्ग पत्करावा. जन्मतःच सदोष असलेली डिस्क अशा वेळी उघडी पडते आणि अजून काहीही पणाला लागलेले नसते.

खरा निर्णय लेखन धोरणाचा असतो. राइट-थ्रू धोरणात डेटा डिस्कवर पोहोचल्यावरच लेखन पूर्ण झाल्याचे कळवले जाते. राइट-बॅकमध्ये तो कंट्रोलरच्या कॅशमध्ये आला की लगेच होकार दिला जातो, आणि त्यामुळे डेटाबेसची कामे लक्षणीय वेगाने होतात. वीज गेली तर कॅशमधला न लिहिलेला डेटा वाचवण्यासाठी कंट्रोलरवर बॅटरी, किंवा कॅपॅसिटर आणि फ्लॅश मेमरी असते. बॅटरी क्षीण झाली की पर्क आपण होऊन राइट-थ्रूवर उतरतो. मात्र फोर्स राइट-बॅक निवडले असेल तर तो उतरत नाही, आणि वेगाच्या मोहाने हा पर्याय निवडणारे काही कमी नाहीत. डिस्कच्या स्वतःच्या कॅशला तर कंट्रोलरच्या बॅटरीचे संरक्षण नसतेच. म्हणून ती बंद ठेवावी. भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी, जेथे पतसंस्थेचा किंवा लेखापालाचा सगळा हिशोब एकाच सर्व्हरवर असतो, तेथे चांगल्या यूपीएसविना राइट-बॅक लावणे शहाणपणाचे नाही.

चिपसेटच्या रेडमध्ये पहिली पायरी निराळी असते. बायोस किंवा यूईएफआयमध्ये साटा पोर्टचा (डिस्क जोडण्याच्या जागेचा) प्रकार एएचसीआय या साध्या पद्धतीवरून रेड असा बदलावा लागतो. त्यानंतर जुन्या पद्धतीत कंट्रोल आणि आय दाबून, तर यूईएफआय पद्धतीत सेटअपमध्येच आलेल्या नव्या नोंदीतून जोडी बनवतात. आधीच विंडोज बसवलेल्या मशीनवर हा बदल विचार न करता केला, तर योग्य ड्रायव्हर सुरुवातीला न चढल्याने विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. नव्याने विंडोज बसवताना नेमके उलटे घडते. स्थापनेच्या पडद्यावर पुष्कळदा एकही डिस्क दिसत नाही आणि ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. हाच ड्रायव्हर पूर्वी एफ६ दाबून फ्लॉपीवरून देत असत. २ टेराबाइटहून मोठ्या जोडीवरून मशीन सुरू करायचे असेल, तर यूईएफआय आणि जीपीटी विभाजन पद्धती आवश्यक आहे.

सर्व्हर कामाला लावण्यापूर्वी एक डिस्क मुद्दाम बाहेर काढून पाहावी. जोडीची स्थिती डिग्रेडेड (एक डिस्क कमी) अशी दिसली पाहिजे, सर्व्हर चालू राहिला पाहिजे, उरलेल्या एकट्या डिस्कवरून तो पुन्हा सुरूही झाला पाहिजे आणि मुख्य म्हणजे कोणाला तरी ईमेल गेला पाहिजे. आयड्रॅक किंवा आयएलओसारख्या दूरव्यवस्थापन सोयीत हा ईमेल आधी जोडून ठेवावा लागतो. तो जोडला नसेल, तर डिस्कजवळचा पिवळा दिवा बंद खोलीत महिनोन्‌महिने लुकलुकत राहतो आणि दुसरी डिस्क गेल्यावरच सर्वांना पहिलीची आठवण होते.

बिघडलेली डिस्क बदलताना सर्वात मोठी चूक म्हणजे चांगली डिस्क उपसणे. कंट्रोलरच्या पडद्यावरून हव्या त्या खाचेचा दिवा लुकलुकवता येतो; तो पाहून आणि अनुक्रमांक ताडूनच हात घालावा. नवी डिस्क बसवल्यावर रिबिल्ड, म्हणजे तिच्यावर प्रत पुन्हा उतरवणे, बहुधा आपोआप सुरू होते. सेकंदाला १५० मेगाबाइट अशा गतीने ४ टेराबाइट उतरवायला सात तासांहून अधिक वेळ लागतो, आणि सर्व्हरवर कामाचा भार असेल तर आणखी. रिबिल्डसाठी कंट्रोलरची किती शक्ती द्यायची याचे प्रमाण बदलता येते. पर्कमध्ये मूळ मूल्य ३० टक्के असते. दुसऱ्या सर्व्हरमधून आणलेली डिस्क बसवली, तर कंट्रोलर तिला फॉरिन (परकी) ठरवतो आणि इम्पोर्ट (स्वीकारायची) की क्लिअर (पुसायची) असे विचारतो. क्लिअर केल्यास जोडीची नोंद पुसली जाते, त्यामुळे डिस्कवर हवा असलेला डेटा असताना हे बटण दाबणे महागात पडते.

मिरर एका डिस्कच्या यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक बिघाडापासून वाचवतो, एवढेच त्याचे काम आहे. चुकून पुसलेली फाइल आणि रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेला डेटाबेस दोन्ही डिस्कांवर तितक्याच इमानाने उतरतो, त्यामुळे वेगळ्या बॅकअपला तो पर्याय नाही. दोन प्रतींत फरक पडला तर कोणती खरी हेही साधा मिरर सांगू शकत नाही, कारण त्याच्याजवळ झेडएफएस या फाइल व्यवस्थेसारखी पडताळणीची बेरीज नसते. शिवाय दोन डिस्क एकाच वेळी जाणार नाहीत हे गृहीतही नेहमी टिकत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केले, की तिच्या काही एसएएस एसएसडी (सर्व्हरच्या फ्लॅश डिस्क) ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर फर्मवेअरमधील दोषामुळे कायमच्या बंद पडतील आणि त्यांवरचा डेटाही परत मिळणार नाही. एकाच दिवशी बसवलेल्या जोडीच्या दृष्टीने याचा अर्थ दोन्ही डिस्क जवळजवळ एकाच वेळी जाणे असा होता. एचपीडी८ ही फर्मवेअर आवृत्ती आधीच चढवणे, एवढाच त्यावर इलाज होता. म्हणून जोडीतील डिस्क वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तुकडीतून घेण्याची आणि डिस्कचे फर्मवेअर अद्ययावत ठेवण्याची शिफारस केली जाते.

रेड-५ मधून काढलेल्या एकट्या डिस्कवर डेटाचे तुकडेच सापडतात, पण मिररमधून काढलेल्या प्रत्येक डिस्कवर संपूर्ण डेटा वाचता येण्याजोगा असतो. वॉरंटीत परत पाठवलेली ‘बिघडलेली’ डिस्क पुष्कळदा पूर्ण बिघडलेली नसते; त्यामुळे बँका आणि रुग्णालये अनेकदा जास्त पैसे मोजून डिस्क स्वतःकडे ठेवण्याचा करार करतात, किंवा स्वतःहून कूटबद्ध करणाऱ्या डिस्क घेऊन त्यांची किल्ली कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्येच, जोडी बनवतानाच, निश्चित करतात.